घोड्याशेजारचे बिऱ्हाड : मालक, मोतद्दार आणि चाकांवरची एक खोली

१/२८
अमेरिकेच्या महामार्गांवर घोडे वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर दिसतात. त्यांच्या मागच्या भागात दोन-तीन घोडे उभे असतात. पुढच्या चिंचोळ्या भागात एक गादी, एक दिवा, पाण्याचा कॅन आणि कपडे टांगायला चार खुंट्या असतात. घोडा आणि माणूस एकाच छताखाली, मध्ये एका भिंतीचे अंतर ठेवून, रात्र काढतात. या खोलीला तिथे ‘लिव्हिंग क्वार्टर्स’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी अधिक नेमका शब्द आहे : बिऱ्हाड. आजचा धागा या बिऱ्हाडाच्या इतिहासाचा.

२/२८
प्रश्न अगदी साधा आहे. घोडा प्रवासात असताना त्याची निगा राखणारा माणूस झोपतो कुठे? घोड्यांच्या जाती, किमती आणि लढाया यांवर भरपूर लिहिले गेले आहे; या प्रश्नावर त्या मानाने फारच थोडे. तथापि त्याच्या उत्तरातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. घोड्याचा मालक आणि त्याच्यासाठी रात्री उठणारा मोतद्दार या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या, तोवर घोड्याच्या गाडीत माणसाला बसण्यापुरती जागा मिळाली. या दोन भूमिका एकाच माणसाकडे आल्या, तेव्हा कुठे तिथे बिछाना पडला.

३/२८
मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना हा भेद नवा नाही. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर. घोडा मेला तर शिलेदाराची उपजीविकाच बुडे, बारगिराचे नुकसान सरकारच्या खाती जाई. त्यामुळे घोड्याविषयीची त्यांची चिंता सारखी असणे शक्यच नव्हते. आणि दोघांच्याही मागे खरारा करणारा, चंदी देणारा, लीद उचलणारा मोतद्दार असे. मालकी, स्वारी आणि निगा ही तीन वेगळी कामे आहेत, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

४/२८
प्रवासात घोड्याजवळ माणूस हवाच कशाला? कारण घोड्याच्या शरीरात आहे. त्याचे पोट थोडे थोडे, पण जवळजवळ दिवसभर खाण्यासाठी घडलेले असते. त्याला उलटी करता येत नाही. म्हणून पोटशूळ उठला तर तो जिवावर बेतू शकतो. सुमारे ५०० किलोच्या घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी लागते, आणि परक्या ठिकाणचे पाणी तो पुष्कळदा नाकारतो. हलत्या गाडीत तोल सांभाळताना त्याचे स्नायू सतत राबत असतात. म्हणजे घोडा गाडीत नुसता ‘उभा’ असतो तेव्हाही तो श्रम करत असतो.

५/२८
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमधले शर्यतीचे घोडे एका मैदानाहून दुसऱ्या मैदानाला चालत जात. सोबत मोतद्दारही चालत. १८३६ साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या शौकिनाने हा रिवाज मोडला. (सतीबंदीचा कायदा करणारे गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक हे त्याचे काका.) ‘एलिस’ नावाचा त्याचा घोडा दक्षिणेत गुडवुडला होता आणि सेंट लेजरची शर्यत उत्तरेत डॉनकास्टरला होती. अंतर सुमारे २५० मैल, म्हणजे ४०० किलोमीटर. चालत गेले तर जवळजवळ दोन आठवड्यांचा प्रवास.

६/२८
शर्यत तोंडावर आली तरी एलिस गुडवुडलाच आहे, अशी बातमी पसरली. तो आता वेळेत पोहोचणार नाही असे समजून सट्टेवाल्यांनी त्याच्यावर चढे भाव देऊ केले आणि बेंटिंकने पैजा लावल्या. मग त्याने खास बांधवून घेतलेली बंद गाडी बाहेर काढली. तिच्या भिंतींना आतून गाद्यांचे अस्तर होते आणि ओढायला सहा घोडे होते. एलिस आणि ‘ड्रमर’ नावाचा त्याचा सोबती घोडा यांना घेऊन ती जवळजवळ तीन दिवसांत डॉनकास्टरला पोहोचली. एलिसने सेंट लेजर जिंकली.

७/२८
घोड्यांनी ओढलेल्या गाडीत बसून घोडा शर्यतीला गेला, हे दृश्य त्या काळातही चमत्कारिक वाटले असणार. घोडा त्या दिवशी ‘प्रवासी’ झाला. ही गोष्ट शर्यतींच्या इतिहासात पुनःपुन्हा सांगितली जाते. तिच्यात मालकाचे नाव असते, घोड्याचे असते, सोबतच्या घोड्याचेही असते. वाटेतल्या मुक्कामांवर रात्री त्या दोघांना पाणी दाखवणाऱ्या माणसांची नावे मात्र या प्रसिद्ध कथेत येत नाहीत. गाद्यांचे अस्तर कुणासाठी होते, हेही त्यातून कळतेच.

८/२८
बेंटिंकच्या गाडीचे राज्य फार काळ टिकले नाही, कारण रेल्वे आली होती. लवकरच ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी ‘हॉर्सबॉक्स’ नावाचा खास डबा बनवला. बहुधा त्यात शेजारी शेजारी तीन घोडे उभे राहतील असे कप्पे असत, एका टोकाला वैरणीची जागा असे आणि दुसऱ्या टोकाला मोतद्दारासाठी छोटी खोली. मालगाड्यांप्रमाणे रेंगाळावे लागू नये म्हणून हे डबे प्रवासी गाड्यांना जोडत. घोड्यांची तोंडे मोतद्दाराच्या खोलीकडे असत आणि मधल्या भिंतीत उघडझाप करता येणारी झडप असे.

९/२८
आपल्या विषयाच्या दृष्टीने ही झडप फार महत्त्वाची. घोड्याच्या प्रवासी वाहनात माणसाला स्वतंत्र, छताखालची, हक्काची जागा इथे मिळाली. पण ती कशासाठी? झडप उघडून घोड्याच्या नाकापर्यंत हात पोहोचावा, तो बिथरला तर त्याला चुचकारता यावे, यासाठी. खोलीत बसायला बाक होता. मोतद्दार हा तिथे प्रवासी नव्हता. तो डब्याच्या सोयींपैकी एक सोय होता. मालक त्याच गाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून जाऊ शके.

१०/२८
आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत येऊ. तिथे अंतरे इंग्लंडच्या कित्येक पट आणि जनावरांची वाहतूक प्रचंड. दिवसेंदिवस अन्नपाण्याविना कोंडलेली जनावरे डब्यांतच मरत. या क्रौर्याविरुद्ध आवाज उठला आणि १८७३ साली संघराज्याच्या काँग्रेसने ‘अठ्ठावीस तासांचा कायदा’ केला. सलग २८ तासांहून अधिक काळ जनावरे डब्यात ठेवायची नाहीत. त्यांना उतरवून चारापाणी आणि किमान ५ तासांची विश्रांती द्यायची, असा त्याचा आशय होता. १९०६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

११/२८
या कायद्यात एक सवलत होती. डब्यातच पुरेशी जागा, चारा, पाणी आणि विश्रांतीची सोय असेल तर जनावरे उतरवण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे चांगले डबे बांधणे व्यापाराच्याही हिताचे झाले. आता दुसरे साल पाहा. रेल्वे चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर १६ तासांची मर्यादा घालणारा संघराज्याचा कायदा १९०७ सालचा आहे. म्हणजे डब्यातल्या जनावराच्या विश्रांतीला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ती गाडी हाकणाऱ्या माणसाच्या विश्रांतीला ते मिळायला आणखी ३४ वर्षे लागली.

१२/२८
पहिल्या महायुद्धात हा प्रश्न वेगळ्याच रूपात पुढे आला. फ्रान्सच्या रेल्वेच्या बंद मालडब्यांवर एक फ्रेंच पाटी रंगवलेली असे. तिचा अर्थ : ‘माणसे ४०, घोडे ८’. डबा एकच; आज त्यात ४० सैनिक, उद्या ८ घोडे. डब्याची लांबी जेमतेम २० फुटांच्या आसपास. युरोपात उतरलेल्या अमेरिकी सैनिकांनी आघाडीपर्यंतचा प्रवास याच डब्यांतून केला. एका घोड्याच्या जागेत पाच माणसे, हा हिशेब त्यांच्या मनात कायमचा कोरला गेला.

१३/२८
डब्यात घोडे असत तेव्हा चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, तोंडे मध्याकडे करून उभे केले जात. मधल्या मोकळ्या जागेत खोगिरे, वैरण आणि घोड्यांवर लक्ष ठेवणारे एक-दोन सैनिक. सगळा विनोद आणि सगळे दुःख त्या मधल्या जागेत होते. १९२० साली अमेरिकी माजी सैनिकांनी ‘फॉर्टी अँड एट’ नावाची संघटनाच काढली. १९४९ साली फ्रान्सने कृतज्ञता म्हणून भेटवस्तूंनी भरलेले असे ४९ डबे अमेरिकेला पाठवले. त्यांतले अनेक आजही तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात.

१४/२८
इथवर आपण घोड्यांच्या वाहनांत माणसाची जागा शोधली. आता उलट दिशेने पाहू : माणसांच्या चाकांवरच्या घरांत घोड्याची जागा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जत्रांमधून फिरणारे खेळवाले राहत्या गाड्या वापरू लागले. डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ (१८४०–४१) या कादंबरीतल्या मिसेस जार्ली मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन अशाच गाडीतून फिरतात. रोमा लोकांची सुबक रंगवलेली घरगाडी शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. त्याआधी तंबू आणि साधा छकडा हेच त्यांचे साधन होते.

१५/२८
गरजेतून जन्मलेल्या या घरगाडीला हौसेचे रूप दिले ते डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी. हे आरमारातले निवृत्त स्कॉटिश शल्यविशारद मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्स कंपनीकडून ‘वाँडरर’ ही गाडी बांधवून घेतली. लांबी सुमारे १८ फूट, वजन जवळजवळ दोन टन, आत उत्तम लाकूडकाम आणि ओढायला दोन घोडे. तिच्यातून त्यांनी दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडच्या इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. पुढे १९०७ साली इंग्लंडात कॅरॅव्हान क्लब स्थापन झाला.

१६/२८
या गाडीत रात्री कोण कुठे झोपे? डॉक्टरसाहेब पुढच्या दिवाणखान्यात. त्यांचा चाकर मागच्या स्वयंपाकाच्या भागात. गाडीवान आणि घोडे मात्र गाडीपाशी नसतच. त्यांची व्यवस्था गावातल्या खाणावळीत आणि तबेल्यात. दोन टनांचे ते घर ज्यांच्या बळावर चाले, ते दोन घोडे आणि त्यांची निगा राखणारा माणूस, तिघेही घराबाहेर. चाकांवरचे घर पूर्ण झाले होते, पण त्यात मोतद्दार नव्हता. दुसरीकडे हॉर्सबॉक्समध्ये मोतद्दार होता, पण घर नव्हते.

१७/२८
याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिमेत दुसरा प्रयोग चालू होता. १८६६ साली टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट यांनी सैन्याच्या जुन्या गाडीवर फडताळ बसवून गुराख्यांसाठी ‘चक वॅगन’ तयार केली. पण ते फक्त स्वयंपाकघर होते. गुराखी जमिनीवर वळकटी पसरून झोपत. वायोमिंगच्या मोकळ्या रानात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तिथे एवढ्याने भागणे शक्य नव्हते. तिथे मेंढपाळ महिनोन्महिने एकटा राहत असे. सोबतीला कुत्री, घोडा आणि हजारभर मेंढ्या.

१८/२८
मेंढपाळाच्या या घरगाडीचे श्रेय परंपरेने रॉलिन्स गावचे लोहार जेम्स कँडलिश यांना दिले जाते; साल १८८४. तिची रचना इतकी अचूक होती की पुढे ती फारशी बदललीच नाही. वर कमानींवर ताणलेले कापडाचे छत. पुढे दोन भागांत उघडणारे दार. दाराशेजारी शेगडी. दोन्ही बाजूंना बाके आणि त्यांच्याखाली सामान. मागच्या टोकाला आडवा बिछाना आणि त्याच्याखालून बाहेर ओढता येणारे मेज. बसल्या जागेवरून हात लांबवला की घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू हाती येई. आजच्या ट्रेलरमधल्या खोलीचा आराखडा इथे तयार सापडतो.

१९/२८
मेंढपाळाचे फिरते घर म्हटले की आपल्याला धनगरांचा वाडा आठवतो. पावसाळा सरला की मेंढरे घेऊन मजल दरमजल निघायचे, कुणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, पुन्हा पुढे. इथे घोडा गाडी ओढत नाही. भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, कोकरे, वेळप्रसंगी लहान मूल असे अख्खे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण इथे घोड्याला लागू पडते. डोंगरघाटाच्या पायवाटांवर चाकापेक्षा पाठ उपयोगी. म्हणजे प्रश्न एकच, पण भूगोलाने त्याची उत्तरे वेगवेगळी दिली. आणि लक्षात घ्या : इथे घोड्याचा मालक आणि त्याची निगा राखणारा एकच कुटुंब आहे.

२०/२८
विसाव्या शतकात मोटार आली आणि ओढणारा घोडाच ओझे झाला. तंत्राचा प्रवास इथे मोठा गमतीदार आहे. जुन्या बग्ग्यांच्या पुढच्या आसावर एक आडवे चक्र बसवलेले असे, त्यामुळे पुढची चाके वळू शकत. त्याला ‘पाचवे चाक’ म्हणत. ट्रेलर जोडण्याच्या एका पद्धतीला हेच नाव मिळाले. विमानविद्येतले अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२८ च्या सुमारास ‘एरोकार’ ही ट्रेलर-घरगाडी आणली. तिचा सांधा मोटारीच्या मागच्या आसाच्या वर होता आणि धक्के शोषण्यासाठी त्यात विमानाचे आडवे टायर बसवलेले होते.

२१/२८
सांधा मागच्या बंपरला न जोडता आसाच्या वर आणण्याचे तत्त्व पुढे पिकअप ट्रकमागच्या ‘गूजनेक’ ट्रेलरमध्येही दिसते. हंसाने मान पुढे काढावी तसा या ट्रेलरचा पुढचा भाग उंच होऊन ट्रकच्या हौद्यावर येतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार ट्रकवर पडतो, म्हणून मोठे ओझेही डुलत नाही. आणि या रचनेतून एक अनपेक्षित लाभ झाला. हौद्यावर तरंगणाऱ्या त्या ‘माने’त घोडा उभा राहू शकत नाही, माणूस मात्र आडवा होऊ शकतो. बिछान्याला जागा मिळाली ती अशी.

२२/२८
जागा मिळाली म्हणून कुणी झोपत नाही. गरज असावी लागते. ती रोडिओ या खेळात होती. रोडिओच्या खेळाडूला पगार नसतो. प्रवेशशुल्क तो स्वतः भरतो, प्रवासखर्चही त्याचाच, आणि जिंकला तरच पैसा. १९३६ साली बॉस्टनमध्ये बक्षिसांच्या तुटपुंज्या रकमेविरुद्ध खेळाडूंनी संप केला आणि त्यातून ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’ ही त्यांची पहिली प्रभावी संघटना उभी राहिली. एकत्र यायला कासवासारखा वेळ लागला, पण शेवटी मान बाहेर काढली, म्हणून हे नाव. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले आणि एका स्पर्धेहून दुसरीकडे रातोरात जाणे शक्य झाले.

२३/२८
पण इथेही एक भेद आहे. बैलावर किंवा उधळ्या घोड्यावर बसणाऱ्या स्पर्धकाला जनावर आयोजकांकडून मिळते. तो खोगीर काखोटीला मारून कुणाच्याही मोटारीतून जाऊ शकतो. दोर टाकून वासरू पकडणारे आणि पिंपांभोवती घोडा दौडवणारे स्पर्धक मात्र स्वतःचा घोडा नेतात. दुसऱ्या प्रकारात स्त्रिया आघाडीवर. १९४८ साली टेक्सासमध्ये ३८ स्त्रियांनी ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ स्थापन केली. हे स्पर्धक म्हणजे आपल्या परिभाषेत शिलेदारच; फक्त त्यांचा मोतद्दारही तेच. घोडा सोडून हॉटेलात जावे तर पैसा जातो आणि जीवही घोड्यापाशी अडकतो.

२४/२८
अशा माणसांनी ट्रेलरमधली खोगीर ठेवायची खोली हळूहळू राहती केली. साध्या बिऱ्हाडाला फार काही लागत नाही. ‘माने’त फळीवर गादी, धातूच्या भिंतींना आतून उष्णतारोधक थर आणि वर प्लायवुड, छताला हवेची झडप, एक खिडकी, १२ व्होल्टची बॅटरी आणि दिवे, पाण्याचे कॅन, हलवता येणारे छोटे शौचपात्र, बाकाखाली सामान. स्वयंपाक बाहेर, छताला जोडलेल्या कापडी मांडवाखाली. कँडलिशच्या गाडीतल्या सगळ्या युक्त्या इथे परत येतात : एका वस्तूची दोन कामे आणि प्रत्येक रिकाम्या कोपऱ्यात कप्पा.

२५/२८
अवघड भाग मधल्या भिंतीचा. घोड्यांच्या श्वासातून आणि अंगातून भरपूर वाफ व उष्णता निघते. थंड रात्री ती धातूवर दव होऊन टपकते. मूत्रातून अमोनिया वायू सुटतो. म्हणून भिंत अखंड हवी आणि दोन्ही बाजूंची हवा खेळती पण वेगळी हवी. बंद खोलीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन वायूने झोपेतच मृत्यू येऊ शकतो. म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र लावतात. शिवाय वजन : १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. माणसाची प्रत्येक सोय घोडा वाहण्याच्या क्षमतेतून वजा होते.

२६/२८
आपल्याकडे असे ट्रेलर रूढ का झाले नाहीत, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. आपल्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर असतो, आणि त्यासाठी घोड्यांची ने-आण होते. पण अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर; घोडा काही तासांत पोहोचतो आणि दोन्ही टोकांना तबेले सज्ज असतात. वाटेत रात्र काढावीच लागत नाही. त्याखेरीज मालक, प्रशिक्षक, जॉकी आणि सईस ही इथे चार वेगळी माणसे असतात. लांब वाट आणि एकटा मालक, या दोन्ही अटी जुळल्या तरच गाडीत बिऱ्हाड थाटले जाते.

२७/२८
आजच्या महागड्या ट्रेलरांत स्नानगृह, शीतकपाट, वातानुकूलन, सारे काही असते. काही मोठ्या पागांमध्ये तर जुने चित्र पुन्हा दिसते : मालक विमानाने स्पर्धेला जातो आणि ट्रेलर पगारी माणूस हाकतो. तेव्हा १८३६ सालचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. घोड्याला किती जागा, किती हवा, किती विश्रांती हवी, याचे मोजमाप आपल्याकडे आहे. तेवढ्याच काळजीने त्या पगारी माणसाच्या झोपेचे मोजमाप कुणी केले आहे का? रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाच्या डुलकीवर मागच्या घोड्यांचाही जीव अवलंबून असतो, हे उघड आहे.

२८/२८
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुनी गाडी, बग्गी किंवा रेल्वेचा डबा पाहाल, तेव्हा नक्षी आणि सालाबरोबर एवढेही शोधा : यात झोपण्याची जागा कुठे आहे, आणि ती कुणाची? बसायला बाक आणि झोपायला जागा नाही, असा कोपरा सापडला, तर तो बहुधा मोतद्दाराचा. मराठीत घोड्याच्या निगेचे शब्द अजून जिवंत आहेत : खरारा, चंदी, तोबरा, आगाडी-पिछाडी. तुमच्या घरी, गावी असे शब्द वापरणारे कुणी असेल, तर ते शब्द इथे जरूर नोंदवा. ज्यांची नावे कथांमध्ये आली नाहीत, त्यांचा इतिहास पुष्कळदा अशा शब्दांतच उरलेला असतो.